लहान स्वयंपाकघरात सिंक कुठे घ्यावं?

८ बाय ६ फुटांच्या स्वयंपाकघरात एल आकाराच्या ओट्यावर सिंक खिडकीखाली घ्यावं की कोपऱ्यात, असं तुम्ही विचारलंय. खिडकीखालीच घ्या. उजेड मिळतो, ओल लवकर सुकते. पण आधी सांडपाण्याचा पाइप कुठल्या भिंतीतून बाहेर जातो ते बघा. फ्लॅटमध्ये सिंक त्यापासून फार लांब नेलं की पाइपला पुरेसा उतार मिळत नाही, पाणी तुंबत राहतं.

कोपरा मात्र टाळाच. तिथे नीट उभं राहता येत नाही आणि कुकर घासताना कोपर भिंतीवर आपटतं.

सिंक आणि शेगडी यांच्यात निदान २ फूट ओटा मोकळा ठेवा. भाजी धुवायची, तिथेच चिरायची आणि पुढे फोडणीत टाकायची. सगळा स्वयंपाक खरं तर या दोन फुटांत होतो. मिक्सर, डबे तिथे मांडू देऊ नका, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. भांडी निथळायला दुसरी बाजू.

सिंक एकच घ्या, साधारण २४ बाय १८ इंचांचं. एवढ्याशा जागेत जोडसिंक बसवलं तर परात आणि मोठी कढई त्याच्या दोन्हीपैकी कुठल्याच कप्प्यात नीट मावत नाही. मिक्सरचा प्लग पॉइंट नळापासून लांब घ्या.