पांढरं जळू देऊ नकोस

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले फोटो संगणकावर मोठे करून पाहिले आणि मंगेशीच्या देवळापुढच्या दीपस्तंभापाशी अडकलो. सात मजल्यांचा, अष्टकोनी स्तंभ तो. तिरप्या उन्हात त्याची एक बाजू झळझळीत असते, शेजारची जरा मऊ, त्यापलीकडची निळसर सावलीत. एका पांढऱ्या रंगाच्या इतक्या छटा एका जागी क्वचित बघायला मिळतात. तुझ्या फोटोत सगळ्या बाजू सारख्याच. कोन गेले, मजल्यांच्या कडा गेल्या, मागचं आभाळही गेलं. मग तू ॲपमधून आभाळ निळं केलंस आणि स्तंभाभोवती उजळ झालर उमटली.

तुझे प्रश्न तीन. कॅमेरा बदलू का? नको. ॲपमधला कुठला प्रीसेट, म्हणजे तयार रंगसाचा, घेऊ? कुठलाच नको. तिसरा प्रश्न, ‘काका, डोळ्यांना दिसतं तसं फोटोत का येत नाही?’, त्याच्यासाठी हे पत्र.

तुझ्या छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा. जुन्या ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ गुणिले २४. क्षेत्रफळात तीसेक पटींचा फरक. एकेका पिक्सेलला प्रकाश साठवायला जागाच थोडी. ती भरली की जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेरा देतो त्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, २५५ हा सगळ्यात मोठा आकडा लिहिला जातो, आणि त्यापुढे कितीही ऊन पडलं तरी २५५च. शेजारी शेजारी हजारो पिक्सेल २५५ झाले की तिथे भिंत नसते, ढग नसतो, काही नसतं. एडिटिंगला तिथून काय काढायचं? हायलाइट्सचा स्लायडर खाली ओढलास की पांढऱ्याचा राखाडी डाग होतो, एवढंच.

म्हणून पांढरं जळू देऊ नकोस. बाकी सगळं मी तुला माफ करीन.

आता ते जळलं कसं ते बघ. तू मंडपाच्या सावलीत उभी होतीस, अर्ध्याहून जास्त चौकट अंधारी. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणायला बघतं. अंधार जास्त दिसला की ते उजेड वाढवतं, आणि त्यात बिचारा स्तंभ भाजून निघतो. अशा वेळी अधिक-उणेचं बटण दाबून उणे एक कर (एक म्हणजे एक स्टॉप, उजेड निम्मा), फोटो काढ, हिस्टोग्राम बघ, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती ते दाखवणारा आलेख. उजव्या भिंतीला ढीग टेकलेला असेल तर आणखी उणे. उलट, पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरावर गेलीस आणि मिठाच्या राशींनीच चौकट भरलीस, तर तेच मीटर मीठ मळकट करून देईल. तिथे अधिक एकपर्यंत जायचं. म्हणजे ‘नेहमी उणे’ असं पाठ करून बसू नकोस. नियम पांढऱ्याचा आहे, बटणाचा नाही.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. शिगम्यातला गुलाल आणि झेंडूच्या माळा. तिथे पांढरं काहीच नसतं, साधा हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो, आणि घरी येऊन बघावं तर माळेची एकही पाकळी सुटी नाही. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे भरतात आणि इथे लाल आधी जळतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचा हिस्टोग्राम असेल तर तो लाव. नसेल तर गुलालाला डोळे झाकून उणे दोन तृतीयांश.

तू म्हणशील, उणे केलं की सावल्या काळ्या पडतात, आणि उजळल्या की दाणे, म्हणजे बारीक ठिपके, येतात. येऊ देत! इतकी वर्षं फोटो बघतोय, दाण्यांमुळे वाया गेलेला चांगला फोटो माझ्या बघण्यात नाही. माशाचं हुमण अळणी झालं तर ताटात मीठ घेता येतं. करपलं तर खोबरं वाढवून, कोकम टाकून काही होत नाही. जेपेगमध्ये सावली एखाद-दीड स्टॉप उचलता येते, त्यापुढे ठिगळं दिसू लागतात, हे खरं. मग तेवढीच उचल. मंडपाच्या कोपऱ्यात अंधार होता ना? मग फोटोतही असू दे की.

हे मी इतकं ताणून का सांगतो, तर या पांढऱ्यापायी मी एक नोकरी सोडली आहे.

फिल्मचे दिवस. एका स्टुडिओसाठी मी लग्नांचे फोटो काढायचो, बरीचशी लग्नं चर्चमधली. नवरीचा पांढरा गाऊन, त्यावर लेस. कधी आईने, कधी मावशीने महिनोन् महिने बसून विणलेली. कलर निगेटिव्हचा एक मोठेपणा होता, दोन स्टॉप जास्त उजेड गेला तरी ती पोटात घालायची. माझ्या निगेटिव्हमध्ये लेसचा टाका न् टाका होता. पण मशीनवरून प्रिंट यायचे ते चेहरे उजळ करून, आणि लेस गायब. मी म्हणायचो, जरा गडद छापा. मालक म्हणायचे, चेहरा गोरा दिसला पाहिजे, गाऊन कोण बघतो? गाऊन कोण बघतो! जिने विणला ती बघते. अल्बम उघडला की आधी तेच बघते.

शेवटी एकदा गिऱ्हाइकासमोरच वाजलं आणि मी बाहेर पडलो. ‘काळे फोटो काढणारा’ असं नाव माझ्यामागे लागलं, त्या बाजूची लग्नं मला परत मिळाली नाहीत. वाईट वाटतं का? वाटतं. लग्नांचं नाही वाटत. त्या निगेटिव्ह मी तेव्हा मागून घेतल्या नाहीत याचं वाटतं. इथल्या चार पावसाळ्यांत पेटीतल्या फिल्मला बुरशी येते. त्या आता उरल्याही नसतील. गप्प बसून पगार घेतला असता तर आज फोंड्यात स्वतःचं दुकान असतं, हे तुझी काकू अजून ऐकवते. तिचा हिशेब बरोबर आहे. पण प्रिंटबद्दल माझंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो.

पुढे मी स्लाइड फिल्म वापरली, जिच्यावर थेट सरळ चित्रच उमटतं. ती निगेटिव्हच्या अगदी उलट, अर्धा स्टॉप जास्त गेला की पांढऱ्याच्या जागी कोरी काच. तिनेच मला हा धडा पक्का शिकवला. डिजिटल या बाबतीत निगेटिव्हची नाही, स्लाइडची बहीण आहे. ‘सावलीचं मोजमाप घे, उजळ भाग नंतर सांभाळू’ असं कोणी जुना माणूस सांगेल. तो निगेटिव्हबद्दल बोलतोय. त्याला नमस्कार कर आणि उणे करून पुढे जा.

तुझ्या छोट्या कॅमेऱ्याला नावं ठेवू नकोस. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्याचा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा वेगवान शटरशी सहसा जुळत नाही, वेगळी सोय वापरावी लागते. पुष्कळ कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे १/१००० लाही फ्लॅश चालतो. म्हणजे भर दुपारी, टोपीखाली चेहरा काळा आणि मागे पांढरी भिंत असताना, भिंत जळणार नाही इतकाच उजेड आत घे आणि फ्लॅश जबरदस्तीने लाव. चेहरा उजळतो, भिंत शाबूत. फक्त माणूस दोनेक मीटरच्या आत हवा, तो फ्लॅश तेवढाच. हे एकदा जमलं की कॅमेरा बदलायचं खूळ डोक्यातून जाईल.

दुपार टाळता आली तर टाळच. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला आपल्या गोव्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा बारा-साडेबाराला उभ्या भिंतींना आकारच उरत नाही. आणि दूधसागरवर पाण्याचं दूध करायला शटर हळू करू नकोस. दिवसाच्या उजेडात या कॅमेऱ्याला ते झेपत नाही, सगळा धबधबा जळतो.

एडिटिंगचं थोडक्यात. मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी प्रत करायची. जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते. संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट मिळतात. त्यांत जळलेल्या भागांची खूण दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवून काम कर. क्रम असा ठेव की पांढऱ्याकडे आधी लक्ष जाईल: त्याचा रंग बरोबर आहे का, निळसर-पिवळसर झालाय का, टोकाला टेकलाय का. मग सावल्या. मग रंग, तोही चिमूटभर. पणजीतल्या फॉन्टेनेशच्या भिंती मुळातच पिवळ्या-निळ्या-तांबड्या आहेत, त्यांना आणखी रंग पाजायची गरज नाही. (पोर्तुगीज अमदानीत निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, घरांना रंग द्यावा लागे, असं सांगतात. मला ते ऐकायला आवडतं, का ते तुला कळलंच असेल.) सावली आणि ऊन एकसारखं उजळ करणारं एचडीआरचं बटण मात्र विसर. तुझ्या चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या) फोटोत त्याने नारळ, सुपाऱ्या आणि भिंत एकाच उजेडात आणून बसवलीत.

तुझा कॅमेरा कॅननचा पॉवरशॉट असेल तर सीएचडीके नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्डावर टाकून पुष्कळ जुन्या मॉडेलवर रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, मिळते. १२ बिटांच्या रॉमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ४०९६ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६. पण ते नंतर. रॉ मिळालं की पोरं निष्काळजी होतात, ‘घरी जाऊन काढू’ म्हणतात, आणि जळलेलं तिथेही परत येत नाही.

आता मंगेशीला पुन्हा जा, सकाळी आठच्या आत. सावलीतून बाहेर ये, स्तंभाच्या दोन बाजू दिसतील अशी उभी राहा. उणे एक तृतीयांश, दोन तृतीयांश, एक, असे ओळीने काढ. मग कार्ड घेऊन घरी ये. फोनवर पाठवू नकोस, व्हॉट्सॲप फोटो पिळून काढतं. आणि एकही फोटो डिलीट करू नकोस, बिघडलेले मला जास्त बघायचे आहेत. दुपारी आलीस तर काकू जेवल्याशिवाय सोडणार नाही, तेवढा वेळ धरून ये.

तुझा,
काका