मध्य अमेरिकेतली प्राचीन माया लिपी नक्की कोणी वाचली? भारतात बसून तिचा अभ्यास जमेल का?

सोव्हिएत अभ्यासक क्नोरोझोव्हचं नाव तुम्हाला कुठेही मिळेल, म्हणून ते थोडक्यात उरकते. 1952 साली लेनिनग्राडमधून त्याने लेख लिहून दाखवलं की यातली बरीच चिन्हं उच्चाराची आहेत. माया पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर कु-त्सु, कुत्र्याच्या चित्रावर त्सु-लु, आणि ‘त्सु’चं चिन्ह दोन्हीकडे तेच. एरिक थॉम्पसन हे त्या क्षेत्रातलं बडं प्रस्थ, त्याने 1975 मध्ये मरेपर्यंत हे मानलं नाही.

पण क्नोरोझोव्ह माया प्रदेशात पहिल्यांदा गेला 1990 मध्ये. तोवर त्याच्या टेबलावर काय होतं? ग्वाटेमालात 1930 च्या सुमारास व्हियाकोर्तांनी छापलेल्या पोथ्यांच्या नकला. हाताने, रेघ रेघ करून उतरवलेल्या. ते कोणी सांगत नाही.

आणि तात्याना प्रोस्कुरियाकॉफ? शिकलेली वास्तुकला. मंदीत नोकरी नव्हती, म्हणून ग्वाटेमालातल्या पिएद्रास नेग्रास या माया शहराच्या उत्खननावर चित्रं काढायला गेली. तिथले कोरीव स्तंभ, त्यांवरच्या तारखा यांच्याशी तिने पुढे इतकी वर्षं काढली की 1960 मध्ये तिने सगळ्यांना गप्प केलं. स्तंभांचे गट पडतात, प्रत्येक गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावतात, आणि प्रत्येक गटाच्या पहिल्या स्तंभावर कोनाड्यात बसलेला माणूस. म्हणजे हे देव नव्हेत, पुरोहित नव्हेत, गादीवर बसलेले राजे. जन्म, राज्यारोहण, सगळं कोरलेलं. झगा घातलेले ‘पुरोहित’ म्हणून खपवलेल्यांतल्या काही तर राण्या निघाल्या. हिने एक अक्षरही उच्चारून वाचलं नव्हतं! थॉम्पसननेही हिचं मान्य केलं.

उलट वाईट हाताने काय होतं तेही बघा. वाल्डेक नावाच्या चित्रकाराने मेक्सिकोतल्या पालेंके या माया शहराच्या अक्षरांत चक्क हत्ती काढले. होंडुरासमधल्या कोपानच्या ‘बी’ स्तंभावरच्या मकाऊ पोपटांच्या चोचींना विसाव्या शतकात एका नामांकित ऑस्ट्रेलियन-ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने सोंडा ठरवलं, वर माहूतही बसवले, आणि सगळं भारतातून गेलं म्हणून मोकळा झाला. आपल्याकडे मयासुराचे फॉरवर्ड फिरतात ना, ते त्याच घराण्यातले.

हे सगळं मला झोंबतं, कारण मी शिलालेखांचे ठसे घेते आणि रेखाटनं करते. कोकणात एका देवळामागे गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेला दगड होता, खालची ओळ पार झिजलेली. शेवाळ काढून दगड धुतला, ओला कागद चढवून ब्रशने ठोकला, शाईचा बोळा फिरवला. शकाच्या शेवटच्या अंकाला एक तिरकी रेघ दिसत होती. कोरलेली की तडा, ठशावरून कळेना. रात्री परत गेले आणि टॉर्च दगडाला चिकटवून आडवी धरली. छिन्नीच्या रेघेला तळ असतो, दोन्ही कडांना सारखी सावली पडते. ही रेघ अंकातून निसटून खालच्या कोऱ्या जागेत उतरत होती, कडा भुसभुशीत. तडाच. मी ती तुटक काढली आणि समासात तसं लिहून दिलं.

ज्यांच्यासाठी ठसा घेतला त्या सरांचा लेख छापून आला तेव्हा ती रेघ सलग झाली होती. अंक बदलला, आणि सरांना हवा तो राजा बरोबर त्या शकात बसला. रेखाटनाखाली माझं नाव नाही, ‘ठशावरून’ एवढंच. विचारलं तर म्हणाले, “वाचणारा वेगळा, गिरवणारा वेगळा. तुझं काम हाताचं.” माझा भाऊ आजही म्हणतो, नावासाठी कशाला इतकं मनाला लावून घेतेस. नाव गेलं खड्ड्यात. तुटक रेघ सलग करायचा अधिकार कोणी दिला? काय दिसलं आणि काय वाटलं यांत फरक ठेवायला डोकंच लागतं.

हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये इअन ग्रेअमने 1968 पासून माया शिलालेखांचा जो संग्रह उभा केला, त्यात फोटो आणि रेखाटन शेजारी शेजारी असतात, ते यासाठीच. ज्याला शंका येईल त्याने स्वतः ताडून बघावं. आमच्या सरांना दाखवायला हवा होता.

आता तुमचं. भारतात बसून अभ्यास जमेल, पदवी नाही. तिच्यासाठी बॉन किंवा ऑस्टिन गाठा. स्पॅनिश आलीच पाहिजे, आणि एखादी जिवंत माया भाषा. लाखो लोक आजही बोलतात. बरीच रेखाटनं इंटरनेटवर फुकट मिळतात. आणि हो, क्नोरोझोव्हला मी कमी लेखत नाहीये. त्याच्याशिवाय तारखा कळल्या असत्या, राजांची नावं उच्चारता आली नसती. 1973 मध्ये पालेंकेला शील, मॅथ्यूज आणि लाउन्सबरी यांनी एका बैठकीत राजांची यादी लावली, ती दोन्ही धागे हातात होते म्हणून.

पण सुरुवातीला वाचायच्या भानगडीत पडू नका. एकाच स्तंभाचा फोटो घ्या, पेन्सिलीने उतरवा, मग छापील रेखाटनाशी ताडा. शंकेची रेघ तुटक ठेवा. आणि कागद कोणाच्याही हातात देण्याआधी कोपऱ्यात नाव, तारीख घाला, तेही शाईने.