जेटॅकचं प्रशिक्षण निव्वळ सिम्युलेटरवर पूर्ण होतं का?
नाही. अमेरिकी जेटॅकला, म्हणजे जमिनीवरून लढाऊ विमानांचा हल्ला नियंत्रित करणाऱ्याला, पात्रतेसाठी खरी विमानं लागतातच. काही कंट्रोल (नियंत्रित केलेले हल्ले) मात्र मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे धरले जातात. नऊ ओळींचा हल्ला-संदेश घोटायला घुमटाकार सिम्युलेटर उत्तमच. चौथी ओळ (लक्ष्याची उंची) आणि सहावी (ठिकाण) वैमानिकाने परत म्हणायची असते. तिथे प्रशिक्षकाने मुद्दाम एक आकडा चुकवावा. तो पकडल्याशिवाय जेटॅकच्या तोंडातून ‘क्लिअर्ड हॉट’ (शस्त्र सोडायची परवानगी) निघता कामा नये, कारण आपलेच जवान जवळ असतात. अडतं ते ‘टाइप 1’ या नियंत्रणाच्या प्रकाराला. जेपी 3-09.3 या अमेरिकी सैन्याच्या पुस्तिकेनुसार त्यात जेटॅकला विमान आणि लक्ष्य दोन्ही डोळ्यांनी दिसावं लागतं, आणि पडद्यावर दूरचं विमान नुसता ठिपका असतो. नाक कुठे वळलंय ते उमगत नाही.