दिवसा दिसते, मग काठी कशाला?

प्रश्न : मी 26 वर्षांची असून मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे. समोरची अक्षरे चष्म्याने नीट वाचता येतात, पण बाजूचे दिसत नाही आणि दिवेलागण झाली की जवळजवळ काहीच दिसत नाही. आजवर नाशिकमध्ये भाऊ गाडीवरून सोडत असे. आता मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी लागली असून डोंबिवलीला मावशीकडे राहून रोज लोकलने जायचे आहे. डॉक्टरांनी पांढरी काठी वापरायला शिकून घ्या, असे सांगितले. आईचे म्हणणे, हातात काठी दिसली की लग्न जमणे कठीण. मलाही संकोच वाटतो. मोबाईल वाचताना पाहून लोक ढोंगी म्हणतील. काठीशिवाय निभावेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काही दिवस निभावेलही. माझ्याकडे चलनवलन, म्हणजे काठीच्या आधाराने एकट्याने वावरणे, शिकायला आलेल्या बहुतेकांनी वर्षानुवर्षे तसेच निभावलेले असते आणि एखाद्या उघड्या गटाराने किंवा चुकलेल्या पायरीने हिसका दाखवल्यावरच ते काठीपर्यंत पोहोचतात. तुम्ही त्याआधी विचारता आहात, हे चांगले झाले.

प्रथम ढोंगाविषयी. हात सरळ पुढे करून मूठ आवळा आणि तिच्याकडे पाहा. त्या मुठीची रुंदी डोळ्याशी साधारण 10 अंशांचा कोन करते, तर निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी आडवे जवळजवळ 180 अंश दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार ज्याचे दृष्टिक्षेत्र 10 अंशांहून कमी उरले आहे, तो मधल्या नजरेने कितीही बारीक अक्षर वाचत असला तरी अंधच ठरतो, आणि 10 ते 40 अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. थोडक्यात, वर्तमानपत्र वाचणारी व्यक्ती कायद्याने अंध असू शकते, कारण तिला मुठीएवढ्या झरोक्यातून अक्षर दिसते, पण पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. तुमच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात दृष्टिक्षेत्राच्या चाचणीची नोंद आहे की केवळ तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावून टक्के ठरवले आहेत, हे तपासून घ्या. तुमच्या आजारात नुसता तक्ता फसवा असतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, हाताशी ठेवा आणि दिव्यांग डब्यात कोणी हटकले तर ते दाखवून मोकळ्या व्हा. रोजच्या प्रवासात प्रत्येकाला आपला आजार समजावून सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

आता काठी. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे बँकेतून निघताना अंधार पडलेलाच असणार. सकाळी तुमचे डोळे जे थोडेफार काम करतील, तेही परतताना करणार नाहीत आणि परतीची गर्दी तर सकाळपेक्षा आडदांड. त्यामुळे हा प्रश्न केवळ संकोचाचा राहत नाही. नजर अजून थोडी शिल्लक असताना काठी शिकण्याचा फायदा असा की टोकाने जे सांगितले ते डोळ्याने पडताळून पाहता येते आणि हाताचा काठीवर विश्वास लवकर बसतो.

काठी शिकायची असते, हेच अनेकांना ठाऊक नसते. ती नुसती पुढे धरून चालण्याची वस्तू नाही. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूवर यांनी जी पद्धत बसवली, तीच आजही जगभर शिकवली जाते. काठी उभी धरली असता ती साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. मूठ बेंबीसमोर स्थिर ठेवायची आणि हालचाल फक्त मनगटातून करायची. उजवे पाऊल पुढे पडते तेव्हा टोक डावीकडे टेकते, म्हणजे पुढचे डावे पाऊल जिथे पडणार ती जागा एक पाऊल आधीच तपासली जाते. टोकाची फेक खांद्यांच्या रुंदीहून जराशीच जास्त असावी. त्याहून मोठी झाली की शेजारून जाणाऱ्यांच्या पायांत काठी अडकते. सुरुवातीला पाऊल आणि टोक एकाच बाजूला पडू लागते, तेव्हा थांबून पुन्हा सुरू करावे. काठी कमरेखालचेच सांगते, हेही लक्षात असू द्या. उभ्या टेम्पोचा आरसा किंवा दुकानाचा लोंबता फलक थेट कपाळावर येतो, म्हणून अरुंद जागी मोकळा हात चेहऱ्यासमोर आडवा धरायची सवय लावा. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे ध्वनिलहरींनी हेरून मुठीत कंपनाने कळवते, पण ती साध्या काठीवर हात बसल्यानंतरची गोष्ट आहे.

अंधांसाठी काम करणाऱ्या नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे काम नाशिकमध्येच आहे. मुंबईला जाण्याआधी तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा.

लोकलविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. पहिले काही दिवस मावशींना किंवा भावाला सोबत घेऊन सुट्टीच्या दिवशी दुपारी जा, मग एकट्याने दुपारी आणि शेवटी खऱ्या वेळेला. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरा; कर्जत-कसाऱ्याकडून भरून आलेल्या गाडीत शिरण्याची कसरत निदान सुरुवातीला नको. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर दिव्यांग डबा जिथे थांबतो, तिथे बीप-बीप असा आवाज करणारे यंत्र लावलेले असते, त्याच्या रोखाने चाला. ते बंद असेल तर अमुक जिना उतरल्यावर किती पावले, हे तुम्ही आधीच मोजून ठेवलेले असावे. फलाटावरच्या उंचवट्यांच्या फरशीत लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला आणि गोल ठिपके म्हणजे थांबा, अशी खूण असते. जपानच्या सेइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधलेली ही भाषा आपल्याकडेही आली, मात्र तिच्यावर पाट्या आणि गाठोडी ठेवायची पद्धत आपली स्वतःची. कोणत्या स्थानकावर फलाट कोणत्या बाजूला येतो, हे पाठ करा. डब्यातली घोषणा गोंगाटात बुडते. उतरताना आधी काठीचे टोक फलाटाला टेकवा, मगच पाय टाका. सीएसएमटीला गाडी शेवटची असल्याने उतरल्यावर पूल चढावा लागत नाही, फलाटाच्या तोंडापर्यंत सपाट चालत येता येते. त्यापुढे बाहेरचा भुयारी मार्ग लागतो, आणि तुमच्या आजारात उन्हातून अंधाऱ्या जागी शिरल्यावर डोळे सरावायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो. म्हणून तोंडाशी भिंतीच्या कडेला मिनिटभर उभे राहा. मागचे ढकलतील, ढकलू द्या. उन्हात कडा असलेली टोपी घातलीत तर डोळे कमी दिपतात.

लग्नाविषयी सल्ला देणे माझे काम नव्हे. आईंना मात्र एवढे सांगून पाहा की काठी दडवली तरी आजार दडत नाही. सोबत संध्याकाळी फिरायला गेलेल्या कोणालाही तो दहा पावलांत कळतो.

प्रश्न : आमच्या एसटी स्थानकावर अंध प्रवासी दिसतात. मदत करावीशी वाटते, पण कशी करावी हे कळत नाही. एकदा मी एका गृहस्थांचा हात धरून गाडीकडे नेऊ लागलो, तर ते रागावले. माझे काय चुकले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हेतू चांगला होता, फक्त तुम्ही त्यांना न विचारता ओढलेत. आधी समोरून बोला, "मी काही मदत करू का? कुठली गाडी हवी आहे?" होकार आला तर आपला कोपर त्यांच्या हाताला लागेल असा पुढे करा. ते कोपराच्या वर धरतील आणि तुमच्या अर्धे पाऊल मागे चालतील, म्हणजे तुम्ही वळलात, थांबलात किंवा पायरी चढलात की ते त्यांना तुमच्या दंडावरूनच समजते. काठी धरलेला हात कधीही पकडू नका, कारण तुम्ही त्यांचे डोळेच पकडून ठेवता. "इकडे", "तिकडे" याऐवजी "तुमच्या उजव्या हाताला तीन पावलांवर दार" असे सांगा. गाडीपाशी पोहोचल्यावर पाटीवरचे गाव मोठ्याने वाचा आणि त्यांचा हात दारातल्या दांड्यावर टेकवून द्या. निघताना "मी आता जातो" हे तोंडाने जरूर सांगा, नाहीतर तुम्ही निघून गेल्यावरही ते तुमच्याशीच बोलत राहतील.