एकतीस तारीख गेली कुठं?

प्रश्न : नमस्कार ताई. निपाणीजवळच्या एका साखर कारखान्यात मी देखभाल विभागाचं ऑफिस बघतो. बिघाडाच्या तक्रारी आम्ही जिरा (Jira) या संगणकावरच्या तक्रारनोंदीच्या प्रणालीत, म्हणजे ट्रॅकरमध्ये, नोंदवतो. मार्चअखेरचा अहवाल काढताना १ मार्च ते ३१ मार्च अशा दोन्ही तारखा नीट टाकल्या, तरी ३१ तारखेची एकही तक्रार यादीत आली नाही. त्या दिवशी मिल हाऊसच्या चार तक्रारी मी माझ्या हातानं नोंदवल्यात. साहेब म्हणतात, तू विसरला असशील. काय करू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, तुमच्या चारही तक्रारी जागच्या जागी आहेत. आधी तेवढं साहेबांना सांगा आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही शोधपेटीत असं काहीतरी लिहिलं असणार :

क्रिएटेड >= "२०२५-०३-०१" अँड क्रिएटेड <= "२०२५-०३-३१"

(आकडे मी इथं मराठी छापतेय आणि शब्दही. पेटीत दोन्ही इंग्रजीच टाका. क्रिएटेड म्हणजे नोंद केल्याची वेळ, >= म्हणजे 'तेव्हा किंवा नंतर', <= म्हणजे 'तेव्हा किंवा आधी', नुसतं < म्हणजे 'आधी'.)

आपल्या डोळ्यांपुढं ३१ मार्च म्हणजे उजाडल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतचा अख्खा दिवस. जिराला मात्र तारखेसोबत वेळ दिली नाही, तर ते आपल्या मनानं ००:०० धरतं. म्हणजे तुमची यादी ३० तारखेची रात्र संपून ३१ सुरू होते, त्या ठोक्याला बंद झाली. सकाळी नऊला, दुपारी दोनला नोंदवलेलं सगळं त्या रेघेच्या पलीकडं राहिलं.

उपाय एका चिन्हाचा आणि एका तारखेचा आहे. शेवटची अट अशी लिहा : क्रिएटेड < "२०२५-०४-०१". एक एप्रिलच्या आधीचं सगळं, एवढाच त्याचा अर्थ. महिना तीसचा आहे की एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे बोटांच्या पेरांवर मोजायची गरजच उरत नाही. काहीजण "२०२५-०३-३१ २३:५९" लिहितात. तसं करू नका. जिरा तिथं २३ वाजून ५९ मिनिटं शून्य सेकंद असं वाचतं, आणि शेवटच्या मिनिटातली नोंद पुन्हा बाहेर राहते. दर महिन्याला तारखा बदलायचा कंटाळा असेल तर क्रिएटेड >= स्टार्टऑफमंथ(-१) अँड क्रिएटेड < स्टार्टऑफमंथ() असं एकदाच लिहून फिल्टर (म्हणजे हा शोध) जतन करा. स्टार्टऑफमंथ() म्हणजे चालू महिन्याची सुरुवात, (-१) म्हणजे त्याच्या मागच्या महिन्याची. कधीही उघडा, मागचा पूर्ण महिना मिळेल.

एक फरक ध्यानात ठेवा. 'ड्यू डेट' (काम पुरं करायची तारीख) या रकान्यात नुसती तारीख असते, वेळ नसतेच. तिथं <= "२०२५-०३-३१" लिहिलं तरी ३१ तारीख धरली जाते. एका रकान्यात चालतं ते दुसऱ्यात का चालत नाही, म्हणून लोक चक्रावतात ते यामुळंच.

हे मी इतक्या पोटतिडकीनं लिहितेय, त्याला कारण आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (ओतशाळेत) मी बरीच वर्षं तक्रारनोंदीचं काम करते. इंडक्शन भट्टीच्या कॉइलला गार पाणी देणारा पंप एकदा महिनाअखेरीला आवाज करायला लागला. तिसऱ्या पाळीच्या फिटरमामांनी मध्यरात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी नोंद केली. चार दिवसांनी पंप बसला, भट्टी थांबली. बैठकीत माझाच अहवाल पडद्यावर होता आणि त्यात ती नोंद नव्हती. मामा खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज येणारे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सगळ्यांदेखत त्यांना विचारलं गेलं की आवाज ऐकूनही लिहिलं का नाही. ते एवढंच म्हणाले, "ताई, मी लिवलंय की. तुम्ही बघा." मी जागेवर जाऊन तारखेची अट काढली, नुसतं पंपाचं नाव टाकलं. वरूनच दुसऱ्या ओळीत त्यांची नोंद होती, वेळेसकट. चूक माझ्या <= ची होती. दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी सगळ्यांसमोर मामांची माफी मागितली, पण बैठकीत त्यांची मान खाली गेली होती ती मी पाहिली होती. ती अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या दिवसापासून रात्रपाळीकडं मी वेगळं लक्ष देते. रात्री अकरा ते सकाळी सात ही पाळी दोन तारखांवर पसरलेली असते. मामा म्हणणार "काल रात्री", संगणक लिहिणार आजची तारीख. यात मामांचं काहीच चुकत नाही. आपल्या घरात पंचांग सूर्योदयापासूनच दिवस धरतं, माझी आई अजूनही पहाटे चारला झालेलं काही सांगायचं तर आदल्या वाराचं नाव घेते. म्हणून पाळीचा हिशेब हवा असेल तेव्हा तारखेवर भिस्त ठेवू नका, वेळ लिहा : क्रिएटेड >= "२०२५-०३-३० २३:००" अँड क्रिएटेड < "२०२५-०३-३१ ०७:००". सातच्या ठोक्याची नोंद पहिल्या पाळीत जाते आणि कुठलीच तक्रार दोन पाळ्यांत मोजली जात नाही.

प्रश्न : गेल्या महिन्याच्या तक्रारी हव्यात म्हणून क्रिएटेड >= -१एम लिहिलं. एकही आली नाही.
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : जिरात लहान 'एम' म्हणजे मिनिट. तुम्ही गेल्या एका मिनिटातल्या तक्रारी मागितल्यात. अशा उलट्या मोजणीत आठवड्याला 'डब्ल्यू', दिवसाला 'डी', तासाला 'एच' चालतं. महिन्यासाठी -३०डी लिहा, किंवा वर सांगितलेलं स्टार्टऑफमंथ वापरा. राउंडअप नावाच्या दुसऱ्या एका ट्रॅकरमध्ये हाच 'एम' महिना असतो, तेव्हा तिकडून आलेल्या माणसाची ही चूक होणारच.

-७डी बद्दलही सांगते, कारण हाच प्रश्न पुढं तुम्हाला पडेल. ते या क्षणापासून बरोबर सात दिवस मागं जातं. मंगळवारी दुपारी तीनला अहवाल काढला तर मागच्या मंगळवारी तीनच्या आधीचं त्यात नाही. तोच अहवाल साडेपाचला काढला की आकडा बदलतो, आणि दोघे जण दोन आकडे घेऊन भांडतात. आठवड्याच्या सुरुवातीपासून हवं असेल तर स्टार्टऑफवीक() वापरा. जिराचा आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, हे तुमच्याकडच्या सेटिंगवर आहे. एकदा एखाद्या रविवारच्या नोंदीवर ताडून बघा.

प्रश्न : मी टिळकवाडीत घरून परदेशी कंपनीचं काम करते. १ एप्रिलला पहाटे पावणेपाचला नोंदवलेला इश्यू (तक्रार) तिकडच्या अहवालात ३१ मार्चचा दिसतो. माझं चुकलं का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. तिकडचा अहवाल बहुतेक जागतिक प्रमाणवेळेनं मोजला जात असणार, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढं आहे. आपल्याकडं ०४:४५ तेव्हा त्या वेळेनं आदल्या दिवशीचे २३:१५. पहाटे साडेपाचच्या आधीची तुमची प्रत्येक नोंद त्या हिशेबात एक दिवस मागं जाणार. जिरात स्वतःच्या प्रोफाइलमध्ये वेळेचा पट्टा (टाइम झोन) भारताचा निवडा, म्हणजे तुम्हाला तरी तुमच्या घड्याळाप्रमाणं दिसेल आणि शोधही तसाच चालेल. गिटहबवर (प्रोग्रामर वापरतात ते संकेतस्थळ, तिथंही इश्यू नोंदवतात) शोधताना तारखेला वेळ जोडून शेवटी +०५:३० लिहिता येतं, उदाहरणार्थ क्रिएटेड:>=२०२५-०४-०१टी००:००:००+०५:३०. वरिष्ठांना अहवाल पाठवताना कुठल्या वेळेनं मोजलंय ते पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न : रजिस्टरातल्या जुन्या तक्रारी एक्सेलमध्ये भरून ट्रॅकरमध्ये चढवल्या. ५ एप्रिलची तक्रार ४ मे झाली, आणि १३ एप्रिलची तर घेतलीच नाही. दोन्ही मी एकाच पद्धतीनं लिहिल्या होत्या.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमचा संगणक अमेरिकी पद्धतीवर आहे, आधी महिना मग दिवस. ०५/०४/२०२५ त्यानं मे महिन्याची चार तारीख वाचली. १३/०४/२०२५ मध्ये तेरावा महिना दिसला, म्हणून ती त्यानं तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली. तेरावी अडली हे बरंच झालं, तिनं आरडाओरडा तरी केला. पाचवी गुपचूप मे महिन्यात जाऊन बसली, ती जास्त घातक.

एका घरात दोन कालगणना असणं आपल्याला नवं नाही. बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ वैशाखात तिथीप्रमाणं निघतात, महाराष्ट्र शासनाची शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते, आणि आपण दोन्ही दिवशी हात जोडतो. पण ट्रॅकरच्या रकान्यात एकच पद्धत ठेवावी लागते : वर्ष, महिना, दिवस. २०२५-०४-०५. आयएसओ ८६०१ या नावानं हे मानक १९८८ मध्ये आलं. यात कोणी दुसरा अर्थ काढू शकत नाही, आणि नुसता मजकूर म्हणून क्रम लावला तरी तारखा बरोबर ओळीनं लागतात.

आता भरलेली फाइल दुरुस्त कशी करायची ते सांगते. तारखांचा रकाना रुंद करा आणि वरून खाली नजर फिरवा. तुम्ही मुद्दाम काही बदललं नसेल तर एक्सेल खऱ्या तारखा उजवीकडं लावतं आणि मजकूर डावीकडं. डावीकडं चिकटलेल्या सगळ्या १३ ते ३१ तारखेच्या निघतील, त्या तशाही हातानं पुन्हा लिहायच्या आहेत. उजवीकडच्या सरळ दिसतात, पण उलटलेल्या त्यांच्यातच आहेत. रजिस्टर शेजारी उघडून प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखा ताडा. त्यातली ०४/०४ सारखी दिवस आणि महिना सारखा असलेली तेवढी सोडली तरी चालेल. सगळं झालं की सेलचा फॉरमॅट वर्ष-महिना-दिवस करा आणि मगच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साध्या मजकुराची फाइल) काढा, कारण सीएसव्हीमध्ये पडद्यावर दिसतं तसंच उतरतं. आधी पाच ओळींची छोटी फाइल चढवून बघा. त्यात एक पाच तारखेची आणि एक तेरा तारखेची नक्की घ्या.