पंचवीस हजारांत पहिली स्टिरिओ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दहा बाय बारा फुटांची खोली आहे. शास्त्रीय गायन आणि जुनी नाट्यपदं ऐकायची आहेत. हाताशी पंचवीस हजार रुपये आहेत. दुकानदार याच किमतीत ‘५.१ होम थिएटर, १००० वॅट’ दाखवतो. तो संच घ्यावा की सुटे भाग? (नाशिक)

उत्तर: सुटे भाग घ्या, आणि पाचऐवजी दोनच स्पीकर घ्या. तुम्ही जे ऐकणार आहात ते बहुतेक दोन वाहिन्यांचं (डावी आणि उजवी) ध्वनिमुद्रण आहे, फार जुनं असेल तर एकाच वाहिनीचं. पाच स्पीकर, सबवूफर आणि ॲम्प्लिफायर एवढ्यात बसवायचे म्हणजे एकेका वस्तूच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. त्या चिमुकल्या डब्यांना खालचे स्वर झेपत नाहीत, म्हणून ते सबवूफरकडे ढकलले जातात. मग तबल्याची चाट समोरून आणि डग्ग्याची घुमक कोपऱ्यातून, अशी जोडी फुटते.

फोन किंवा लॅपटॉप घरात आहेच असं धरून वाटणी अशी करा: पंधरा हजार स्पीकरना, सात-आठ हजार ॲम्प्लिफायरला, उरलेले तारा आणि स्टँडला. स्पीकरवरचा खर्च कमी करू नका. संचाचा आवाज कसा आहे हे सर्वांत जास्त तेच ठरवतात.

स्पीकर बुकशेल्फ प्रकारचे (छोट्या खोक्याचे, स्टँडवर ठेवायचे) घ्या, वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा पाच ते साडेपाच इंची. त्याचं कारण तानपुऱ्यात आहे. काळी एकचा सा सुमारे १३९ हर्ट्झचा, खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्झ. तीन इंची वूफर बहुधा १०० हर्ट्झच्या आसपासच दमतो. चांगला पाच इंची साठ हर्ट्झपर्यंत उतरतो. माहितीपत्रकावर नुसतं ‘५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. पुढे ‘±३ डीबी’ (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) असं असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे, नाहीतर ५५ ला आवाज किती पडलाय ते कळायला मार्ग नाही.

दुकानात जाताना रोजच्या ऐकण्यातलं एक गायन फोनमध्ये घेऊन जा. तानपुऱ्याच्या चार तारा सुट्या ऐकू येतात का, गळा नाकातून आल्यासारखा वाटतो का, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का, एवढं पाहा. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो, आणि फसगत होते ती इथेच.

प्रश्न: ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा? खोक्यावरचे आकडे खरे असतात का? (सोलापूर)

उत्तर: ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा (जाहिरातीसाठी फुगवलेला, क्षणभराचा) सोडूनच द्या, आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारे वॅट विचारा. आधी स्पीकरची संवेदनशीलता पाहा. ८६ डीबीचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतराला ८६ डीबी देतो. पुढच्या प्रत्येक ३ डीबीला वॅट दुप्पट लागतात: २ वॅटला ८९, ४ ला ९२, १६ ला ९८. म्हणजे तुमच्या-आमच्या खोल्यांना २५ ते ३० खरे वॅट पुष्कळ झाले. ५० ऐवजी १०० वॅट घेतल्याने मिळतात ते जेमतेम ३ डीबी.

अडॅप्टरवर चालणाऱ्या छोट्या क्लास-डी (कमी तापणाऱ्या, कमी वीज वाया घालवणाऱ्या) ॲम्प्लिफायरचा खरा हिशेब घरी करता येतो. व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्ट आणि ८ ओहमला ९ वॅट. २४ व्होल्टला ३६. ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं. खोक्यावर ‘१०० + १००’ छापलेलं असलं तरी सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर आला की गणित नऊ वॅटवरच थांबतं. २४ व्होल्टचा, निदान ४ ॲम्पिअरचा अडॅप्टर मागा, पण त्याआधी ॲम्प्लिफायरवर २४ व्होल्ट चालतात असं लिहिलंय ना ते पाहा.

प्रश्न: मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुना ॲम्प्लिफायर घ्यायचा झाल्यास काय तपासावं? (पनवेल)

उत्तर: मल्टिमीटर सोबत न्या. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून पाच मिनिटं चालू राहू द्या आणि ॲम्प्लिफायरच्या मागे स्पीकर जोडायच्या लाल-काळ्या टोकांवर डीसी व्होल्टेज (एकाच दिशेचं, बॅटरीसारखं) मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर गेला तर परत ठेवा; तो डीसी वूफरची कॉइल तापवत राहतो. आवाजाचं बटण फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, त्यासाठी सौदा मोडू नका. सतत ऐकू येणारी ‘हूं’ मात्र फिल्टर कपॅसिटर (आतला वीजपुरवठा सपाट ठेवणारा भाग) सुकल्याची खूण असू शकते.

मागची व्होल्टेजची पट्टी वाचाच. जपानी बाजारातला माल १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा. आपल्या २३० वर थेट लावला की जळतो. व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरा. जुने स्पीकरही घेणार असाल तर वूफरच्या कडेची फोमची वळी बोटाने हलके दाबा. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत ती भुगा होते; रबराची जास्त टिकते.

प्रश्न: स्पीकरसाठी महागडी केबल हवीच का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. पाच मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची, त्यापुढे २.५ ची साधी तांब्याची फ्लेक्सिबल वायर घ्या. टोक सोलून चाकूने खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, त्याचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट.

प्रश्न: सगळं जोडलं, पण गाणं पोकळ वाटतं आणि डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. (ठाणे)

उत्तर: एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या आहेत का ते आधी पाहा. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना मारतात. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करा. गायक दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये आला आणि डग्गा भरला, तर दोष तोच होता.

तरीही समाधान झालं नाही तर जागा बदला. दोन स्पीकरमध्ये सहा फूट, तुमच्यापासून दोघेही तेवढेच. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला हवा: खुर्चीवर बसत असाल तर जमिनीपासून सुमारे एक मीटर, भारतीय बैठक असेल तर पाऊण मीटर. मागच्या भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्या. कोपऱ्यात ठेवले तर डग्गा ढबढब वाजतो, भिंतीपासून फार दूर नेले तर बारीक पडतो, म्हणून एकेका वितीने सरकवत ऐका. फरशी गुळगुळीत आणि भिंती रिकाम्या असतील तर टाळी वाजवून पाहा. झणकार उरला तर तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. नव्या ॲम्प्लिफायरचा विचार त्यानंतर.