वाचकांचे प्रश्न : ऑर्केस्ट्राचा खर्च कोण भरतं?

प्रश्न : मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ऐकला. थिएटर जवळपास भरलं होतं, तिकीटही स्वस्त नव्हतं. तरी शेजारचे गृहस्थ म्हणाले, हे सगळं तोट्यातच चालतं. हाउसफुल्ल कार्यक्रम तोट्यात कसा जाईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जातो. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या ऑर्केस्ट्रात वादकांच्या नेमणुका आणि वेळापत्रकं सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. हा हिशेब रोज माझ्या टेबलावर असायचा.

तिथे तालीम असो की मैफल, प्रत्येक हजेरी म्हणजे एक 'सर्व्हिस'. पगारी वादकाला आठवड्याला साधारण आठ सर्व्हिस, त्यापेक्षा जास्त नाही. आता एखाद्या आठवड्यात मोझार्टची सिंफनी लावली तर पस्तीस-चाळीस वादकांत भागतं आणि ते सगळे घरचेच असतात. माहलरची तिसरी सिंफनी लावली की आठ हॉर्न हवेत, दोन हार्प हवेत, शिवाय एकल गायिका, बायकांचा कोरस आणि लहान मुलांचा कोरस. पगारावरचे हॉर्नवादक असतात चार-पाच. बाकीचे बाहेरून बोलवायचे, त्यांना प्रत्येक सर्व्हिसचे पैसे द्यायचे, प्रवास आणि मुक्काम वेगळा. माहलरला गर्दी होते, पण खुर्च्या काही वाढत नाहीत. मोझार्टच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तरी तो आठवडा माझ्या कागदावर माहलरपेक्षा कमी तोट्याचा दिसायचा. म्हणून माहलर वाजवूच नये का? वाजवायलाच हवा. त्यासाठीच तर ऑर्केस्ट्रा ठेवायचा.

याचं मूळ कारण विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली मांडलं. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढलेला परवडतो. बेथोव्हनची चतुर्वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागायची, आजही चारच लागतात आणि वेळही तेवढाच. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढवावे लागतात, नाहीतर चांगला वादक टिकणार नाही. तिकीट त्या वेगाने वाढवलं तर ऐकायला फक्त श्रीमंत उरतील.

त्यामुळे अमेरिकेत बहुतेक ऑर्केस्ट्रांची तिकिटांची कमाई खर्चाच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. उरलेलं देणग्यांतून आणि अक्षयनिधीतून येतं. अक्षयनिधी म्हणजे देवस्थानच्या इनाम जमिनीसारखा : पिकावर पूजा-नैवेद्य चालवायचा, जमिनीला हात लावायचा नाही. दरवर्षी चार-पाच टक्के काढले तर निधी टिकतो. अडचणीच्या वर्षी दहा काढायचा मोह होतो आणि घसरण तिथेच सुरू होते. जर्मनीत हा भार मुख्यतः सरकार आणि नगरपालिका उचलतात. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने वेगळी वाट काढली. हॉलिवूड बाउल या त्यांच्या खुल्या रंगमंचावर साडेसतरा हजारांच्या आसपास माणसं बसतात. उन्हाळ्यात तिथे लोकप्रिय कार्यक्रम होतात आणि त्या कमाईचा आधार हिवाळ्यातल्या गंभीर संगीताला मिळतो.

आपल्याकडे यातलं फार थोडं आहे. १९३५ साली मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हा त्यात पुष्कळ गोवेकर वादक होते. त्यांचं पोट सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर आणि हॉटेलांतल्या बँडवर चालायचं, सिंफनी हौसेची. २००६ साली सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने मुंबईत कायम राहणारे थोडे वादक ठेवले, बाकीचे हंगामापुरते परदेशातून येतात. दर हंगामाला विमानभाडं आणि मुक्काम आलाच. हा खर्च कमी करायचा तर वादक इथेच घडवायला हवेत. एनसीपीएने मुलांसाठी संगीतशाळा काढली, ती मला म्हणूनच सर्वांत महत्त्वाची वाटते.

प्रश्न : मुलगा मिनीआपोलिसला असतो. तिथल्या ऑर्केस्ट्रात मागे वर्षभर संप होता असं त्याने ऐकलं. एवढे चांगले पगार असून वादक संप का करतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तो संप नव्हता, टाळेबंदी होती. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने वादकांच्या मूळ पगारात सुमारे तिसऱ्या हिश्शाची कपात मागितली. वादकांनी ती नाकारली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांना दारं बंद झाली. त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर पाच कोटी डॉलरच्या घरात खर्च चालू होता. इमारतीला देणगी मिळते, कारण भिंतीवर नाव लावता येतं. व्हायोला वाजवणाऱ्याच्या पगाराला देणगी मिळवणं फार कठीण असतं. हे दोन खिसे वेगळे असतात, हे कायद्याने बरोबर आहे. पण बाहेर उभ्या वादकाला नवी लॉबी दिसत असते. त्याचा राग मला पूर्ण पटतो.

वादकांनी स्वतःच मैफली भरवल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये संगीत दिग्दर्शक, म्हणजे ऑर्केस्ट्राचे प्रमुख कंडक्टर, ऑस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला. जानेवारी २०१४ मध्ये पंधरा टक्के कपातीवर तडजोड झाली आणि पुढे व्हॅन्स्काही परतले. तोवर काही वादक दुसरीकडे गेले होते. एकत्र वाजवून वाजवून घडलेला विभाग मोडला, तर तो भरतीची जाहिरात देऊन परत मिळत नाही.

वादकांच्या हट्टाबद्दल आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : तालमीची वेळ संपली की सुरावट अर्धवट सोडून उठतात. खरं आहे, उठतात. तालीम अडीच तासांची, मध्ये सुट्टी. आमचा वादक-व्यवस्थापक घड्याळ घेऊन पडद्याआड उभा राहायचा आणि वेळ झाली की पुढे येऊन उभा राहायचा. एक मिनिट पुढे गेलं की जादा वेळेचे पैसे सर्वांना. संध्याकाळी मैफल असते, ओठांना आणि खांद्यांना विश्रांती लागते. हा नियम नव्हता, तेव्हा तरुण माणसं हात कायमचे दुखवून घेत.

वादकांच्या हाती कारभार दिला तर सगळं बुडेल, ही भीतीही निराधार आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १८४२ पासून वादकच चालवतात. लंडन सिंफनी १९०४ मध्ये वादकांनीच काढला. बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक आपला प्रमुख कंडक्टर मतदानाने निवडतात. २०१५ मध्ये पहिल्या दिवसभराच्या बैठकीत एकमत झालं नाही, पुढच्या महिन्यात किरिल पेट्रेंको निवडले गेले.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, व्हायोलिन शिकते. ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनात काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालाच्या खोलीतून, म्हणजे वादकांच्या स्वरलिपीच्या प्रती जिथे सांभाळतात तिथून. व्हायोलिनच्या प्रत्येक प्रतीवर गजाची दिशा पेन्सिलीने उतरवून घ्यायचं काम मागून घे. कुठल्या रचनेला किती माणसं, किती प्रती, किती भाडं लागतं हे तिथे हाताखालून जातं. बी.कॉम. आहेस, तर अमेरिकन संस्थांचे फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दरवर्षी दिलेले हिशेब, वाच, ते सर्वांना खुले असतात. अक्षयनिधीतून दरवर्षी किती काढलं, ते आधी बघ.